मागचा प्लॉट सहा फूट वर, आमचा खाली: भिंत कोणी बांधायची आणि कशी? (इंदूर)

खालचं_घर | ५ एप्रिल

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसतं वाचत होते, आज गळ्याशी आलंय म्हणून लिहितेय.

राऊच्या बाजूला आमचा ३० बाय ५०चा प्लॉट आहे. आईबाबांनी घेतला तेव्हा आजूबाजूला सोयाबीन होतं, आता सगळी घरंच घरं. आमचा रस्ता खालच्या अंगाला, मागच्या घराचा वरच्या अंगाला. त्यामुळे मागचं घर आमच्यापेक्षा सहा फूट उंच. टेप लावून मोजलं: डाव्या कोपऱ्यात ५ फूट १० इंच, उजवीकडे सव्वासहा. मधे भिंत अशी नाहीच. त्यांची नऊ इंची विटांची बाउंड्री वर मातीच्या कडेवर उभी आहे आणि खालची माती उताराने आमच्या प्लॉटमध्ये चार फूट आत आलेली.

परवा ठेकेदाराने जेसीबी लावून तो उतार सरळ कापून काढला. काल रात्री पलंगाएवढं ढेकूळ खाली आलं. त्यांच्या बाउंड्रीच्या पायाखालून आता हात जातो.

ठेकेदार म्हणतो, "मैडम, नौ इंच की दीवार उठा देंगे, प्लास्टर मार देंगे, बीस साल कुछ नहीं होगा." मागचे भाईसाहेब म्हणतात, "मिट्टी तो बरसों से अपनी जगे पे खड़ी थी, खोदी आपने." घरात सगळे माझ्याकडे बघतायत, कारण ठेकेदार मी शोधलेला.

भिंत कोणाच्या खर्चाने? नऊ इंची चालेल का? आणि पावसाच्या आत होईल का?

---

रामबागकर | ५ एप्रिल

नऊ इंची? ताई, त्या ठेकेदाराला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आमच्या मोठ्या भावाकडे हेच झालं. उंची तर फक्त पाच फूट. पहिल्या पावसाळ्यात भिंतीला मधोमध पोट सुटलं. मिस्त्री म्हणाला प्लास्टर फुगलंय. दुसऱ्या पावसाळ्यात जुलैमध्ये रात्रभर झड लागली आणि पहाटे अख्खी भिंत एका तुकड्यात आडवी, जशी दाराची फळी पडावी तशी. स्कूटर खाली गेली, माणूस नव्हता म्हणून वाचलो. गंमत म्हणजे एकही वीट फुटली नव्हती. भिंत मजबूतच होती, फक्त उभी राहायला तिला बूड नव्हतं.

---

प्लंबलाइन | ५ एप्रिल

निवृत्त सिव्हिल इंजिनियर आहे, रस्ते आणि मोऱ्यांच्या कामात हयात गेली. आधी दोन गोष्टी आजच करा. जेसीबी त्या कडेपासून लांब. आणि पडलेलं ढेकूळ उचलू नका, उलट आणखी माती किंवा रेतीची पोती पायथ्याशी रचा. तो उतार म्हणजे फुकटची भिंत होती. तिच्या वर त्यांची बाउंड्री आहे, तिच्याजवळ मुलांना फिरकू देऊ नका.

नऊ इंचीचा हिशेब सोप्या शब्दांत सांगतो. सहा फूट कोरड्या, सुट्या मातीचा रेटा भिंतीच्या दर मीटर लांबीवर साधारण एक टन, आणि तो तळापासून दोन फुटांवर लागतो. नऊ इंची भिंतीचं स्वतःचं वजन मीटरला आठशे किलो, आणि तिला उलटण्यापासून रोखणारा हात, म्हणजे उलटायच्या कडेपासून वजनाचं अंतर, किती? जाडीच्या निम्मा, साडेचार इंच. करा गुणाकार. उलटवणारं बळ सहापटीहून जास्त. हे कोरड्यात. मागे पाणी तुंबलं की रेटा दुप्पट होतो. रामबागकरांच्या भावाची भिंत म्हणूनच रात्रीच्या झडीत गेली, उन्हाळ्यात नाही.

उंचीचंही लक्षात ठेवा. उंची दुप्पट झाली की रेटा चौपट, आणि उलटवणारा मोमेंट, म्हणजे रेटा गुणिले हात, आठपट. तीन फुटांची विटांची भिंत उभी आहे म्हणून सहा फुटांचीही राहील, हा हिशेब इथेच गंडतो.

आता मला सांगा: मागची जमीन मुळातच उंच आहे की भराव घातलाय? खाली माती कसली? त्यांच्या गच्चीचं पाणी कुठे पडतं? आणि कापलेल्या मातीत कुठे ओल दिसते का?

---

खालचं_घर | ७ एप्रिल

काका, पोती रचली. धन्यवाद.

फाउंडेशनसाठी खड्डा घेतला होता त्यात पाहिलं: वरची अडीच फूट काळी माती, मग पिवळट मुरूम, सहा फुटांच्या आसपास काळा दगड लागतो. मागच्या कापलेल्या कडेत मात्र खिचडी आहे. वरच्या साडेतीन फुटांत विटांचे तुकडे, टाइलच्या कपच्या, एक प्लास्टिकची चप्पल. त्याखाली काळी माती. म्हणजे निम्म्याहून जास्त भराव. बाबांनाही आठवतं, मागच्यांनी घर बांधताना ट्रॉल्यांनी मलबा टाकला होता. आठ-नऊ वर्षं झाली असतील.

ओल आहे. उजव्या कोपऱ्यात, वरून चार फुटांवर, दोन हात रुंद काळपट पट्टा. बोट लावलं तर चिकटतं. बाकी सगळी माती फुटून भेगा पडल्यात, त्यात बोटं जातात.

---

प्लंबलाइन | ७ एप्रिल

एप्रिलच्या उन्हात इंदुरात माती ओली? मग ते पावसाचं पाणी नाही, कोणीतरी रोज घालतंय. भिंतीचं डिझाइन नंतर, आधी ते पाणी शोधा.

---

कोर्टकचेरी | ७ एप्रिल

वकील आहे, पण हा सल्ला फुकट आहे म्हणून तेवढ्याच किमतीचा समजा.

भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२, कलम ७. त्याच्या उदाहरणांत सरळ म्हटलंय की प्रत्येक जमीनमालकाच्या जमिनीला, ती नैसर्गिक अवस्थेत असेल तर, शेजारच्या जमिनीचा जो नैसर्गिक आधार आहे तो मिळण्याचा हक्क आहे. 'नैसर्गिक अवस्था' म्हणजे खोदलेली नाही आणि जिच्यावर कृत्रिम भार टाकलेला नाही अशी. आता तुमच्या केसमध्ये बघा. खालच्या काळ्या मातीला तुमच्या जमिनीचा आधार होता. तो तुम्ही कापलात, तेवढ्यापुरतं भाईसाहेबांचं म्हणणं चूक नाही. पण वरचा साडेतीन फूट मलबा नैसर्गिक नाही. तो त्यांनी आणून टाकलाय, तो त्यांनीच सांभाळायचा.

याला एक मुदत आहे. कलम १५ प्रमाणे असा कृत्रिम भार असलेल्या जमिनीला तुमच्या जमिनीचा आधार शांतपणे, विनाअडथळा २० वर्षं मिळाला तर तो हक्क पक्का होतो. आठ-नऊ वर्षांत नाही होत. जुन्या इंदुरात, जिथे आजोबांच्या काळापासून भराव आहे, तिथे गोष्ट वेगळी.

पाण्याचंही तसंच. वरच्या जमिनीवर पडलेलं पावसाचं पाणी नैसर्गिकपणे वाहत खाली आलं तर ते तुम्हाला अडवता येत नाही. पण गच्चीचा पाइप, टाकीचा ओव्हरफ्लो, मोरीचं पाणी यात बसत नाही.

आणि भिंतीच्या आधी हद्द. तहसिलीत सीमांकनाचा अर्ज द्या, मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता १९५९, कलम १२९. नाहीतर लाखाची भिंत बांधून अर्धा फूट त्यांच्यात निघाली की ती पाडायचा खर्चही तुमचा.

---

मालवीमाणूस | ८ एप्रिल

कायदा बरोबर, पण त्यांच्याकडे नोटीस पाठवण्याआधी एकदा सकाळी पोहे-जिलेबी घेऊन जा. शेजारी जन्मभराचा, वकील तारखेपुरता.

ओलीचा पत्ता लावायला सोपी युक्ती: रंगपंचमीचा उरलेला पक्का रंग त्यांच्या मोरीत टाका. दोन दिवसांत खालून लाल आलं तर समजलं.

---

रामबागकर | ८ एप्रिल

शेजाऱ्याच्या मोरीत चोरून रंग टाकायचा आणि मग जिलेबी घेऊन जायचं? भिया, तुम्ही रंगपंचमीच्या गेरमधून (मिरवणुकीतून) अजून घरी आला नाहीत वाटतं.

---

प्लंबलाइन | ८ एप्रिल

शिवाय काळी माती रंग धरून ठेवते, वाट बघत बसाल. सरळ विचारा: सेप्टिक टँक आणि सोखपिट (शोषखड्डा) कुठे आहे?

---

तीसचौरसफूट | १० एप्रिल

इथे सगळे आरसीसी म्हणतील, म्हणून दुसरा मुद्दा. माझा प्लॉटही ३०चा. भिंत हद्दीच्या आत घेतली, मागे गिट्टी (खडी) भरली, तर एक-दीड फूट कायमचा गेला. म्हणजे ४५ चौरस फूट. आजच्या भावाने गुणा. त्यापेक्षा रेडिमेड प्रीकास्ट पॅनेलची बाउंड्री लावा, दोन इंच जाड, एका दिवसात उभी.

---

प्लंबलाइन | १० एप्रिल

ती पॅनेलं आडोशाची आहेत, माती अडवायची नाहीत. खांब दोन फूट गाडलेले असतात. सहा फूट माती त्यांच्यावर टाकणं म्हणजे बुजगावण्याच्या खांद्यावर पोतं ठेवणं.

जागा जाते हे खरं. पण यातली खरी अडचण वेगळीच आहे आणि ती कोणी विचारत नाही. पुस्तकातली आरसीसी भिंत उलट्या 'टी'सारखी असते. तळाच्या स्लॅबचा मोठा भाग मातीच्या बाजूला, म्हणजे मातीचं वजनच भिंतीला दाबून धरतं. इथे मातीची बाजू शेजाऱ्याची. तुमचा स्लॅब त्याच्या जमिनीत घालता येत नाही, तो लेखी परवानगी देईल तरच. मग उरतो 'एल': उभी भिंत हद्दीजवळ, तळाचा सगळा स्लॅब तुमच्या अंगणाखाली.

मी ढोबळ गणित केलं. वर सहा फूट, खाली तीन फूट मुरमापर्यंत, म्हणजे एकूण नऊ. तळ साडेसहा फूट रुंद घेतला तर कोरड्या भरावाला उलटण्याची भीती नाही. उलटण्याला आपण निदान दुप्पट राखीव धरतो, ती सहज मिळते. पण घसरण्याला दीडपट लागते आणि ती एकाला जेमतेम एक पूर्णांक एक येते. भिंत उभी राहून पुढे सरकेल. म्हणून स्लॅबच्या खाली मुरमात रुतणारी एक आडवी पट्टी, म्हणजे 'की', घ्यावीच लागते. समोरच्या काळ्या मातीच्या आधारावर विसंबू नका. ती उन्हाळ्यात आकसून भिंतीपासून बोटभर लांब जाते, मग आधार कसला?

साडेसहा फूट म्हणजे तुमचा मागचा एमओएस (घराभोवती मोकळी सोडायची जागा) सगळा आला आणि घराच्या मागच्या कॉलमांच्या फूटिंगपर्यंत पोचला. त्यामुळे घर आणि भिंत एकाच स्ट्रक्चरल इंजिनियरने एकाच कागदावर काढायला हवी. माझं गणित फक्त बोलण्यापुरतं, यावर बांधू नका.

दगडाची भिंत हवी असेल तर काळा दगड आपल्याकडे मुबलक, पण तळाची रुंदी उंचीच्या निम्म्याहून जास्त लागते. ती सगळी जमिनीच्या वर दिसते, स्लॅबसारखी अंगणाखाली लपत नाही.

---

खालचं_घर | १४ एप्रिल

पोहे घेऊन गेले होते. (जिलेबी नाही नेली, त्यांना शुगर आहे.)

सोखपिट उजव्या कोपऱ्यात, हद्दीपासून चार फुटांवर! काकू स्वतःच दाखवायला घेऊन गेल्या. वर तुळशीचा कुंडा ठेवलाय. भाईसाहेब मात्र म्हणाले, पिट कोरडा आहे, ओल तुमच्या बोअरिंगची. आमचं बोअरिंग समोरच्या टोकाला आहे.

---

खालचं_घर | ३ मे

हे वाचून हसाल. आखातीजेच्या लग्नाला त्यांचं सगळं घर नऊ दिवस गावी गेलं होतं. पाचव्या दिवशी पट्टा फिका पडला, आठव्या दिवशी मातीला भेग गेली. मी रोज सकाळी त्याच वेळी, त्याच जागी छत्री उभी करून फोटो काढला. ते परत आले आणि तिसऱ्या दिवशी पट्टा पुन्हा काळा.

फोटो भाईसाहेबांना दाखवले. काही बोलले नाहीत, बराच वेळ मागे-पुढे करून बघत राहिले. मग म्हणाले, "छाता अच्छा है."

संध्याकाळी त्यांचा मुलगा आला. सोखपिट बुजवून पुढच्या बाजूला नवा घेतायत, गच्चीचा मागचा पाइपही पुढे वळवणार. भिंतीच्या खर्चात भराव जेवढा उंच तेवढा त्यांचा वाटा. कोर्टकचेरी, तुमचं कलम मी नाव न घेता सांगितलं, चाललं.

---

कोर्टकचेरी | ३ मे

छान. पण कागदावर घ्या. दोन ओळी पुरतात: भिंत कोणाच्या हद्दीत, मागची गिट्टीची पट्टी कोणाची, दुरुस्ती कोणाची. विशेषतः पट्टी. पाच वर्षांनी तिथे कढीपत्ता लावतील आणि मग ती पट्टी आमचीच म्हणतील.

---

प्लंबलाइन | ४ मे

आता कामाला लागा, मृगाला महिनाभरच आहे.

खोदताना अख्खी ३० फूट कड एकदम उघडायची नाही. सहा-सहा फुटांचे पाच भाग करा. आधी पहिला, तिसरा, पाचवा. हातानेच खोदायचे, बल्ल्यांचा टेकू देऊन. त्यांचं काँक्रीट होऊन मागे भरलं की मगच दुसरा आणि चौथा. सरिये (सळया) बाजूला जोडायला बाहेर सोडलेले हवेत. मिस्त्री कुरकुरेल, कारण त्याला एका दिवसात स्लॅबसारखं ओतायचं असतं.

त्याच्याशी सगळ्यात मोठा वाद इथे होईल: उभ्या भिंतीची मुख्य सळई मातीच्या बाजूला. कॉलम, छज्जे बांधणाऱ्या माणसाचा हात सवयीने ती मधोमध किंवा दिसणाऱ्या बाजूला लावतो. माती भिंतीला पुढे वाकवते, म्हणजे ताण मागच्या अंगाला. तुमच्या 'एल'च्या तळात ती खालच्या अंगाला. हे उलटं झालं तर लोखंड पूर्ण घालूनही भिंत मोडते. काँक्रीट ओतायच्या आधी स्वतः उभ्या राहा, ड्रॉइंग हातात घेऊन. जमिनीतल्या सळईला ५० मिमी कव्हर, म्हणजे तिच्याबाहेर तेवढा काँक्रीटचा थर. विटेच्या तुकड्यावर ठेवू देऊ नका, सिमेंटचे ब्लॉक वापरा.

मागे काय भरायचं, हा तितकाच महत्त्वाचा भाग. निघालेली काळी माती पुन्हा मागे लोटायची नाही. ती पाणी पिऊन फुगते, आणि फुगताना जो दाब देते तो माझ्या वरच्या एक टनात धरलेलाच नाही. आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टींनी काळ्या मातीसाठी न फुगणाऱ्या मातीचा थर मधे घालायचा उपाय मांडला होता, कालव्यांच्या कामात तो वापरला गेला. आपल्या घरगुती पातळीवर अर्थ एवढाच: भिंतीला लागून फूटभर गिट्टी, तिच्या मागे न विणलेलं जिओटेक्स्टाइल कापड, मग मुरूम थराथरात कुटून. कापडाऐवजी गोणपाट लावू देऊ नका, दोन वर्षांत कुजतं आणि माती गिट्टीत शिरते. सगळ्यात वर मात्र फूटभर घट्ट माती आणि उतार भिंतीपासून दूर, म्हणजे वरचं पाणी आत जाणारच नाही.

मागचं पाणी बाहेर काढायला भिंतीत भोकं तीन इंची पाइपाची, सव्वा मीटर अंतराने, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन. आणि त्यांचं पाणी तुमच्याच अंगणात येणार, तेव्हा भिंतीच्या पायथ्याशी नाली काढून पुढच्या रस्त्यापर्यंत न्या.

---

तीसचौरसफूट | ४ मे

एवढं सगळं सहा फुटांसाठी? आमच्या कॉलनीत निम्म्या लोकांच्या नऊ इंची उभ्या आहेत.

---

रामबागकर | ५ मे

आमचीही एक पावसाळा उभी होती.

---

खालचं_घर | १९ जून

पाचही भाग पूर्ण. शेवटचा ९ तारखेला ओतला, १६ला पहिला पाऊस.

मिस्त्रीने पहिल्या भागात जाळी खरंच उलटी लावली होती. मी म्हटलं तर हसला: "मैडम, लोहा दिखना चाहिए ना, इंजिनियर चेक करने आएगा." सोडवून परत बांधायला लावली, अर्धा दिवस गेला. एक फूट जागा गेली त्याचं दुःख बाबांना अजून आहे. ते रोज संध्याकाळी जाऊन तिकडे बघून येतात.

---

खालचं_घर | १२ जुलै

काल रात्री चार इंच झाला. सकाळी सहाला छत्री (तीच) घेऊन मागे गेले. भिंत जागच्या जागी, ओळंबा लावून पाहिला, काही हललं नाही. खालच्या आठ भोकांपैकी पाचांतून स्वच्छ पाण्याची बारीक धार. तीन अगदी कोरडी, उजवीकडची सलग. सोखपिट गेला म्हणून असेल का?

---

प्लंबलाइन | १२ जुलै

चार इंच पावसानंतर सलग तीन कोरडी? नाही पटत. जाड तार घ्या आणि आत खुपसून बघा, गिट्टीला टेकते का.

---

खालचं_घर | १२ जुलै

टेकली नाही. तिन्हीत वीतभर आत सिमेंटच्या पिशवीचा बोळा. ओतताना काँक्रीट आत जाऊ नये म्हणून मिस्त्रीने कोंबला आणि काढायचा विसरला. पहिल्यातला ओढला तर मनगटाएवढं पाणी अंगावर आलं, पायातली चप्पल वाहून नालीत गेली. बाबा दुसरा काढायला बसलेत, मला हात लावू देत नाहीयेत.